बाळाची किडनी फुगली आहे म्हणतात, पुढे काय करायचं?

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरांचा हात एका जागी थांबला. तीच बाजू तीनतीनदा पाहून ते म्हणाले, "डावी किडनी जरा फुगलेली दिसतेय. बाळ झाल्यावर बघू." त्या 'बघू'नंतर घरी पोचेपर्यंत माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते सांगत बसत नाही. आज माझा लेक दुसरीत आहे, दुर्बिणीतून त्याचं ऑपरेशन होऊन गेलंय, आणि आमच्या डोंबिवलीत कुणाच्या बाळाला असं निघालं की त्या आईला माझा नंबर दिला जातो. फोनवर जे सांगते तेच इथे क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाही. औषध कुठलं, ऑपरेशन कधी, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून हा लेख.

फुगली म्हणजे नेमकं काय झालं?

किडनीत तयार झालेली लघवी आधी किडनीच्या मधल्या पसरट भागात जमते. नरसाळं डोळ्यासमोर आणा. नरसाळ्याखालची बारीक नळी म्हणजे मूत्रवाहिनी, ती खाली मूत्राशयाला मिळते. नरसाळं आणि नळी जुळतात त्या सांध्याला डॉक्टर 'पीयूजे' म्हणतात. काही बाळांचा हा सांधा जन्मतःच अरुंद असतो, किंवा तिथला स्नायू लघवी नीट पुढे ढकलत नाही. मग लघवी तुंबते, नरसाळं फुगतं आणि किडनीच्या गरावर दाब पडत राहतो. साधारण हजार ते दीड हजार बाळांमागे एकाला हे असतं. मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, उजवीपेक्षा डाव्या बाजूला जास्त. गरोदरपणात तुम्ही गर्दीच्या लोकलने गेलात किंवा पपई खाल्लीत म्हणून हे होत नाही. सासरची कुणी तसं म्हणत असेल तर हा परिच्छेद वाचून दाखवा.

पोटातल्या बाळाची किडनी फुगलेली दिसली की ऑपरेशन ठरलंच, असंही नाही. बऱ्याच बाळांची सूज जन्मानंतर हळूहळू आपोआप उतरते. कुणाची उतरणार आणि कुणाची किडनी काम सोडत जाणार, हे मात्र बाळाकडे बघून कळत नाही. ते दूध पितं, हसतं, वजनही वाढतं. दुखत नाही, ताप नाही. म्हणूनच या आजारात तारखा पाळणं हा अर्धा उपचार आहे. मी एक तारीख चुकवली होती. तिचं काय झालं ते पुढे येईलच.

मोठ्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी. सहा-आठ वर्षांच्या मुलाच्या कुशीत मधूनच जोराची कळ येते, सोबत उलट्या होतात, दोन-चार तासांत सगळं शांत. खूप पाणी प्यायल्यावर हे जास्त होतं. घरात आपण गॅस म्हणतो, जंत म्हणतो, शाळा बुडवायचं निमित्त म्हणतो. अशा मुलांत बऱ्याचदा किडनीकडे जाणारी एखादी रक्तवाहिनी सांध्यावरून आडवी जाऊन नळी दाबत असते. कळ चालू असतानाच सोनोग्राफी करून घेतली तर सूज हमखास दिसते. कळ थांबल्यावर केली तर रिपोर्ट जवळपास साधा येऊ शकतो.

पहिली पायरी: जन्मानंतरची सोनोग्राफी

घाई करून पहिल्याच दिवशी करू नका. पहिले दोन दिवस बाळाला लघवी कमी होते, त्यामुळे सूज आहे त्यापेक्षा कमी दिसते. डॉक्टर साधारण तीन दिवसांनंतरची किंवा पहिल्या आठवड्याच्या शेवटची तारीख देतात. याला अपवाद आहेत. दोन्ही किडन्या फुगलेल्या असतील, बाळाला एकच किडनी असेल, किंवा मुलगा असून त्याचं मूत्राशय जाड दिसत असेल, तर लगेच तपासणी लागते, कारण अडथळा खाली लघवीच्या मार्गात असू शकतो. मुलग्याची धार कशी आहे हे आईने बघून ठेवावं. थेंबथेंब होत असेल तर सुट्टी मिळायच्या आधीच सांगा.

रिपोर्टवर तीन गोष्टी शोधा. नरसाळ्याचा व्यास किती मिलिमीटर आहे, सूज 1 ते 4 पैकी कुठल्या ग्रेडची आहे, आणि किडनीचा गर पातळ झालाय का. मूत्रवाहिनीही फुगलेली असेल तर अडथळा सांध्याच्या खाली असू शकतो, किंवा लघवी उलटी वर चढत असू शकते. त्यासाठी मूत्राशयात औषध भरून एक्स-रे काढतात, त्याला एमसीयू म्हणतात. सरसकट प्रत्येक बाळाला ती तपासणी लागत नाही.

याच दिवशी एक दोनशे पानी वही आणा. एका पानावर तारीख, बाळाचं वजन, डावीचा व्यास, उजवीचा व्यास, ग्रेड असे रकाने आखा. ओपीडीत डॉक्टरांकडे तुमच्यासाठी पाच मिनिटं असतात, ती जाड फाईल चाळण्यात जातात. माझं ते एक पान समोर ठेवलं की डॉक्टर वरून खाली बोट फिरवायचे आणि थेट मुद्द्यावर यायचे.

दुसरी पायरी: स्कॅन

सोनोग्राफीत किडनीचा आकार कळतो, ती काम किती करते ते कळत नाही. त्यासाठी रीनल स्कॅन करतात. मुंबईत 'डीटीपीए' किंवा 'ईसी' ही नावं कानावर पडतील. लहान बाळांसाठी ईसी जास्त पसंत करतात, कारण किडनी कोवळी असली तरी त्याचं चित्र स्पष्ट येतं. साधारण दीड महिन्याचं बाळ झाल्यावर पहिला स्कॅन होतो.

हातात सुई लावतात, अगदी थोडं किरणोत्सारी औषध सोडतात, बाळाला कॅमेऱ्याखाली निजवून चादरीत घट्ट गुंडाळतात आणि वीस-पंचवीस मिनिटं चित्रं घेतात. सोबत लघवी वाढवणारं लॅसिक्सचं इंजेक्शन असतं. कॅमेऱ्यातून किरण बाहेर येत नाहीत, तो नुसता टिपतो. जाण्याआधी बाळाला भरपूर दूध-पाणी द्या. शरीरात पाणी कमी असेल तर अडथळा नसतानाही तो असल्यासारखा दिसू शकतो. सुई लावून झाल्यावर परत पाजलं की माझा लेक कॅमेऱ्याखाली झोपून गेला होता. तुम्हीही तोच वेळ साधा. त्या दिवशी डायपर बदलल्यावर हात धुवा, आणि घरात कुणी गरोदर असेल तर बाळाला तिच्या कडेवर देऊ नका.

रिपोर्टवर दोन रेघांचा आलेख असतो. चांगल्या किडनीची रेघ झरझर वर चढते आणि उतरते. तुंबलेल्या किडनीची रेघ चढते आणि वरच राहते, किंवा अजून चढत जाते. खाली टक्के लिहिलेले असतात. दोन्ही किडन्यांचं मिळून काम 100 धरलं तर कुणाचा वाटा किती, हे ते टक्के सांगतात. 45 ते 55 म्हणजे बरोबरी. औषध अर्धं उतरायला लागलेला वेळही लिहिलेला असतो. तो 10 मिनिटांच्या आत असेल तर वाट मोकळी, 20 च्या वर असेल तर अडथळ्याची शंका. मधला आकडा आला तर एकट्या त्याच्यावर निर्णय होत नाही.

ऑपरेशन साधारण कधी सुचवतात? फुगलेल्या किडनीचा वाटा 40 टक्क्यांच्या खाली असेल, दोन स्कॅनमध्ये तो ठळकपणे घसरला असेल, सोनोग्राफीत सूज वाढतच असेल, वारंवार लघवीचा संसर्ग होत असेल, कळा येत असतील किंवा खडा झाला असेल तेव्हा. वाटा अगदीच, म्हणजे 10 टक्क्यांच्या आत उरला असेल, तर ती किडनी वाचवायची की काढायची याचा वेगळा विचार होतो.

आमचा पहिला आकडा 44 होता. "थांबू, चार महिन्यांनी परत स्कॅन करू," असं डॉक्टरांनी सांगितलं. चौथ्या महिन्यात घरात लग्न निघालं, पाचव्यात माझी रजा संपली, मग पावसाळा. मूल गुबगुबीत, खेळकर. मी स्वतःला सांगत राहिले की काही असतं तर दिसलं असतं. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास स्कॅन केला तेव्हा आकडा 34 आला होता. तो कागद हातात घेऊन मी ओपीडीच्या बाकावर बसले होते आणि लेक माझ्या ओढणीशी खेळत होता. तेव्हाही तो हसतच होता.

एक काढ्याबद्दल. कुळथाचं कढण, गोखरू, पुनर्नवा, सगळं आम्हालाही सुचवलं गेलं. जन्मतः अरुंद असलेला सांधा कुठल्याही काढ्याने रुंद होत नाही. तान्ह्या बाळाला तर हे देऊच नका.

तिसरी पायरी: कुठे जायचं, पैशाचं काय?

बालरोगतज्ज्ञांकडून बाल शल्यचिकित्सकांच्या नावाने चिठ्ठी घ्या. परळचं वाडिया 1929 पासून लहान मुलांचंच हॉस्पिटल आहे. शेजारी केईएम, शिवाय सायन, नायर आणि जे. जे. इथे मुलांच्या शस्त्रक्रियेचा विभाग आहे. खासगीत अनेक पर्याय आहेत. ओपीडीचे वार आणि युनिट, म्हणजे डॉक्टरांचे गट, ठरलेले असतात. ज्या युनिटचा केसपेपर काढला त्याच युनिटच्या वारी पुढे जात राहा. दर वेळी नवा केसपेपर काढलात तर दर वेळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागेल.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी ऑपरेशनची तारीख मिळायच्या आधी करा. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली हीच योजना. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' असा फलक लावलेलं टेबल असतं. तुमचं ऑपरेशन यादीत आहे का आणि स्टेंट (ऑपरेशनच्या वेळी आत ठेवतात ती मऊ नळी) काढायचा खर्च त्यातच धरलाय का, हे दोन प्रश्न तिथे विचारा. रेशनकार्ड, आईवडिलांचं आधार, बाळाचं आधार किंवा जन्मदाखला, आणि सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स सोबत ठेवा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी यावी लागते. नंतर धावपळ करून उपयोग होत नाही. खासगी धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. तिथल्या सोशल वर्करकडे उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. बाहेरगावहून येणाऱ्यांनी राहण्याच्या सोयीचंही त्यांनाच विचारावं. परळ-दादर भागातल्या धर्मशाळांची त्यांना माहिती असते.

दुर्बीण की छोटा छेद?

ऑपरेशनचं नाव पायलोप्लास्टी. सांध्याचा अरुंद तुकडा कापून काढायचा, नळीचं टोक तिरकं चिरून रुंद करायचं आणि ते नरसाळ्याला नव्याने शिवायचं. अँडरसन आणि हाइन्स या दोन शल्यविशारदांनी ही पद्धत 1949 मध्ये मांडली आणि आजही मूळ काम तेच आहे. दुर्बिणीतून ती मोठ्या माणसांवर केल्याचं 1993 मध्ये आणि मुलावर केल्याचं 1995 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे बदलली ती आत जायची वाट. दुर्बिणीच्या पद्धतीत बेंबीपाशी एक आणि पोटावर आणखी दोन छिद्रं असतात, प्रत्येक 3 ते 5 मिलिमीटरचं. कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, कॅमेऱ्यात बघत आत बारीक धाग्याने टाके घालतात. ते आपोआप विरघळतात. आडवी रक्तवाहिनी असेल तर नळी तिच्या पुढून घेऊन जोडतात. रोबोटने करतात तेही हेच काम.

फायदा म्हणजे वेदना कमी, व्रण बारीक, मूल लवकर खेळायला लागतं. पण टेबलावर वेळ जास्त लागतो, आणि तान्ह्या बाळाच्या पोटात उपकरणं फिरवायला जागा फार थोडी असते. त्यामुळे काही महिन्यांच्या बाळाला कुशीत छोटा छेद घेऊन करू असं डॉक्टर म्हणाले, तर ते मागासलेले आहेत असं समजू नका. यशाचं प्रमाण दोन्ही पद्धतींत 90 टक्क्यांच्या वर आहे. माझं स्पष्ट मत सांगते. दुर्बीण की छेद यापेक्षा टाके घालणारा हात महत्त्वाचा.

डॉक्टरांना हे विचारा: माझ्या मुलाएवढ्या वजनाच्या किती मुलांची तुम्ही अशी केली आहेत? दुर्बिणीतून जमलं नाही तर काय कराल? स्टेंट पूर्ण आत ठेवणार की त्याचं टोक बाहेर काढून ठेवणार? भूल लहान मुलांचे भूलतज्ज्ञ देणार का? चांगले डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाहीत.

दाखल होण्याआधी

रक्ततपासणी, लघवीचं कल्चर (लघवीत जंतू आहेत का ते बघणारी तपासणी), भूलतज्ज्ञांची तपासणी. लघवीत संसर्ग असेल तर आधी तो बरा करतात. सर्दी-खोकला झाला असेल तर लपवू नका. तारीख गेली तरी चालेल, पण भरलेल्या छातीने भूल घेणं धोक्याचं. जुलै-ऑगस्टमध्ये याच कारणाने तारखा पुढे जातात.

उपाशी ठेवण्याचा साधारण हिशेब असा: साधं पाणी 2 तास, आईचं दूध 4 तास, वरचं दूध किंवा हलका खाऊ 6 तास आधी बंद. तुमच्या भूलतज्ज्ञांनी घड्याळाची वेळ सांगितली असेल तर तीच अंतिम. आजीने प्रेमाने भरवलेलं एक बिस्किटही ऑपरेशन रद्द करू शकतं. घरच्या सगळ्यांना हे आधीच बजावून ठेवा.

करगोटा, वाळे, कानातलं, दृष्टीचा काळा दोरा, सगळं घरीच काढून या. आमच्या सासूबाई करगोट्याला हात लावू देत नव्हत्या. शेवटी ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टरांनी कात्रीने तो कापला, सासूबाईंच्याच मुठीत ठेवला आणि म्हणाल्या, "आजी, हा तुम्ही धरून बसा. बाळ बाहेर आलं की परत बांधू." साडेतीन तास त्यांनी ती मूठ उघडली नाही. दोन ते चार तास लागतात हे धरूनच चला. भूल चढायला आणि उतरायला लागणारा वेळ वेगळा.

वॉर्डातले दिवस

मूल बाहेर येतं तेव्हा सलाईन, लघवीची नळी आणि कधी कधी कुशीतून एक ड्रेन, म्हणजे आत साचलेलं बाहेर काढणारी नळी, असतो. पहिल्या दिवशी लघवी गुलाबीसर दिसते, घाबरू नका. सिस्टर विचारतील, "लघवी किती झाली?" पिशवीवरचे आकडे बघून वहीत वेळेसकट मिलिलिटर लिहीत जा. सगळं सुरळीत असेल तर दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. मूल कुंथलं की कुशीत दुखतं. घरी जाताना गर्दीच्या वेळची लोकल नको. दुपारची रिकामी गाडी किंवा रिक्षा-टॅक्सी बघा. सायकल, उड्या, मस्ती साधारण महिनाभर बंद.

100.4 अंशांच्या वर ताप, थांबत नसलेल्या उलट्या, फुगलेलं घट्ट पोट, लघवी बंद, लघवीत रक्ताच्या गाठी, ड्रेनच्या जागेतून ओलं, यातलं काहीही दिसलं तर रात्रीसुद्धा इमर्जन्सीत जा. ऑपरेशन न झालेल्या मुलालाही हेच लागू. किडनी तुंबलेली असताना आलेला ताप घरी पॅरासिटामॉल देऊन बघत बसायचा नसतो.

स्टेंट काढायची तारीख

नवा सांधा बरा होईपर्यंत आत एक मऊ नळी ठेवतात, डीजे स्टेंट. दोन्ही टोकांना वळलेला, एक टोक किडनीत, एक मूत्राशयात. तो असेपर्यंत मुलाला सारखी लघवी लागते, लघवी करताना कुशीत टोचतं. साधारण 4 ते 6 आठवड्यांनी तो काढतात. आतला स्टेंट असेल तर पुन्हा थोडा वेळ भूल देऊन दुर्बिणीतून काढावा लागतो. टोक बाहेर काढून ठेवलेलं असेल तर ओपीडीतच निघतो.

सगळ्यात जास्त कळकळीने मी जर काही सांगत असेन तर हे. ऑपरेशन झालं, मूल धावायला लागलं, आणि स्टेंट आतच राहिला, असं होतं. बाहेरून काही दिसत नाही. आत त्याच्यावर खडे जमतात, संसर्ग होतो, आणि साधं पाच-दहा मिनिटांचं काम मोठ्या ऑपरेशनवर जातं. डिस्चार्ज कार्डावर 'स्टेंट आहे' असं स्पष्ट लिहून घ्या. काढायची तारीख दोघांच्या मोबाइलमध्ये टाका, शिवाय कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करा. हॉस्पिटलकडून फोन येईल याची वाट बघू नका.

त्यानंतर

स्टेंट निघाल्यावर काही आठवड्यांनी सोनोग्राफी, आणि तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन. थोड्या मुलांत नवा सांधाही अरुंद होतो, तो याच तपासण्यांत पकडला जातो आणि पुन्हा दुरुस्त करता येतो. आकडा फार वाढेल अशी आशा धरू नका. तो टिकला आणि रेघ उतरली म्हणजे ऑपरेशन जमलं. आमचा 34 वरून 37 वर आला आणि तिथेच स्थिर आहे. पुढे वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि रक्तदाब तपासायला आम्हाला सांगितलंय.

वर्षानुवर्षं ताणलेलं नरसाळं पूर्ण आक्रसत नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या सेंटरला सोनोग्राफी केली, तर रिपोर्टवर पुन्हा 'डावी किडनी फुगलेली' असंच लिहून आलं. तिथले डॉक्टर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "लवकर दाखवून घ्या." मी पिशवीतून वही काढली. ऑपरेशनआधी व्यास 32 मिलिमीटर, सहा महिन्यांनी 19, दोन वर्षांनी 13, आणि त्या दिवशी 12. त्यांनी ते पान वाचलं, रिपोर्ट परत मागून घेतला आणि खाली जुन्या मापांशी तुलना लिहून दिली. ऑपरेशनआधीचे रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा, झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत. आमची स्कॅनची एक फिल्म परळच्या पुलावर पावसात भिजून कायमची गेली.